बारा दसऱ्यांचं तेल

डाबकी रोड, अकोला
४ ऑगस्ट २०२५

आदरणीय देवीदासकाका यांस,
सा. नमस्कार.

मोटार चांगली आहे. काल मोटारींचं वायंडिंग करणाऱ्या भगवंतने ती उतरवली, टेबलावर वेगळी चालवून पाहिली आणि सांगितलं, "मोटारले काही झालं नाही वैनी. वरची मशीनच जाम हाय." म्हणून हे पत्र.

तुम्ही मला ओळखत नाही. मी नत्थुजी गावंडे यांची सून, गजेंद्रची बायको, सीमा. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. धामणगावच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या लिलावातून तुम्ही दोघांनी एक लेथ आणि एक उभी ड्रिल मशीन आणली होती, आणि भागीदारी सुटली तेव्हा लेथ तुम्हाला व ड्रिल बाबांना आली, एवढं मला आईंकडून कळलं. ती ड्रिल अजून आमच्या मागच्या शेडमध्ये उभी आहे. टेबल वर-खाली होतं. पण ज्या हँडलने ड्रिल खाली येते ते तसूभर हलत नाही.

तुमच्या घरी फोन केला तर विपुलभाऊंनी उचलला. म्हणाले, आमच्या बाबांना फोनवर ऐकू येत नाही, मोबाईलवरचा फोटो दाखवला तर नखाएवढी मशीन दिसते म्हणून चिडतात. पत्र मात्र चार वेळा वाचतात.

मी अमरावतीच्या आयटीआयमधून फिटर ट्रेड केला आहे. वीस पोरांमध्ये एकटी होते. लग्नानंतर पान्याला हात लागला नाही. आता इथल्या एका डाळ मिलचा फोरमन लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडून देशील का विचारतो आहे. पण मंडप-डेकोरेशनवाले खुशालराव खुर्च्या ठेवायला आमची शेड मागत आहेत. गजेंद्र म्हणतात, "दसऱ्याले मशीनची पूजा होते. त्या दिवशी तिनं एक भोक पाडून दाखवलं तं शेड तुही. नाही तं दुसऱ्या दिवशी भंगारवाला." ते वाईट बोलले नाहीत. त्यांनाही रिकामी शेड रोज पाहवत नाही.

मी काय करू?

आपली,
सीमा

राजापेठ, अमरावती
९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सीमा हीस आशीर्वाद.

भंगारवाल्याला बोलाव. गजेंद्र बरोबर बोलतो.

बारा वर्षं ज्या मशीनला कोणी हात लावला नाही तिच्या पोटात गंज धरतो आणि मग ती मशीन राहत नाही, खांब राहतो. नत्थूच्या मागे तिला तेलाचा थेंब कोणी दिला नसेल. त्यात तुमचा दोष नाही. कारागीर गेला की मशीन जाते.

तरी तुला हात काळे करायचेच असतील तर आधी पट्टा काढ. मग वरची पुली हातानं फिरव. ती फिरली तर बेअरिंग जिवंत आहे. मग ड्रिल धरणारी जी नळी हँडलनं खाली-वर होते तिला वरून, तेल द्यायच्या भोकातून, मातीचं तेल सोड. चार दिवस सकाळ-संध्याकाळ. हातोडी मारायची नाही.

डाव्या अंगाला डबीसारखं गोल झाकण आहे. त्यात घड्याळासारखी स्प्रिंग गुंडाळलेली असते. तिचं नट एकदम सोडलं तर ती बोटं घेऊन जाते. तिला हात लावायचा असेल तर आधी मला लिही.

वहिनींना नमस्कार सांग.

देवीदास

अकोला
१६ ऑगस्ट २०२५

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

स्प्रिंगबद्दल लिहिलंत ते बरं झालं. पाना लावून बसलेच होते आणि पोस्टमन आला.

पट्टा काढताना हातातच तुटला, भाकरीसारखा. पुली फिरते, थोडी खरखरते. नळी हलत नाही. मातीचं तेल आता रेशनवरही मिळत नाही. भगवंतने कुठूनतरी अर्धी बाटली आणून दिली, ती सोडते आहे.

पण काका, गंज म्हणाल तर मला दिसत नाही. नळीच्या कडेला तपकिरी, चकचकीत थर आहे. नखाने निघत नाही. गुळाचा पाक भांड्याला लागून राहतो तसा.

आणखी एक. हँडलच्या तीन दांड्यांपैकी दोन दांड्यांना काळे गोळे आहेत आणि तिसरीला पितळेची मूठ. तिच्यामुळे वजन एका बाजूला जातं. बदलून तिन्ही सारख्या करू का?

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं. "मशीनले कोनी हात नाई लावला म्हणते का तो," एवढंच बोलल्या आणि देवघरात गेल्या. नंतर म्हणाल्या, तुम्ही बाबांच्या तेरवीलाही आला नव्हता, तुमचा राग अजून गेला नसेल. मी विचारू नये, पण राग कशाचा होता?

आपली,
सीमा

अमरावती
२१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सीमा हीस आशीर्वाद.

पितळी मूठ काढून टाक. नत्थूला जुगाडाची सवय होती, भंगारात जे मिळेल ते बसवायचा. बाजारातून काळे गोळे आण, तिन्ही सारखे कर. मशीनचा तोल महत्त्वाचा.

गंज तांबडाच असतो असं तुमच्या आयटीआयच्या पुस्तकात असेल. बंद जागेतला गंज काळाही होतो आणि तपकिरीही. तरी तू पाकाचं लिहिलंस ते डोक्यातून जात नाही. ब्लेडनं त्या थराची दोन-चार सालपटं काढ, कागदात गुंडाळून पत्रात घाल. माझे कान गेले आहेत, नाक शाबूत आहे.

उद्या पोळा. आमच्या गल्लीत आता बैल येत नाही, पोरं मातीचे घेऊन येतात.

देवीदास

अकोला
३ सप्टेंबर २०२५

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

गौरी-महालक्ष्म्या काल उठल्या, म्हणून उशीर. सोबत सालपटं पाठवत आहे. ब्लेडं दोन मोडली.

मातीचं तेल बारा दिवस सोडलं. भोकात जसंच्या तसं उभं राहतं, खाली झिरपतच नाही. नळी जागची हलली नाही. परवा खुशालराव टेप घेऊन आले आणि शेड मोजून गेले. जाताना मशीनवर हात ठेवून म्हणाले, "पोरी, हिच्यात दोनशे किलो तं माल असन." गजेंद्रच म्हणाले, "काका, दसऱ्यापर्यंत तिच्यावर हात नका ठेवू." मला बरं वाटलं, पण तारीख त्यांनी बदलली नाही.

पितळी मूठ काढायला गेले तर आई मागे उभ्या होत्या. "ते राहू दे," म्हणाल्या. का ते सांगितलं नाही. म्हणून राहू दिली आहे.

रागाचं तुम्ही लिहिलं नाहीत. चालेल.

आपली,
सीमा

अमरावती
८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सीमा हीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटीनं वाच आणि वाचून झालं की फाडून टाक.

तुझी सालपटं मी पळीत ठेवून गॅसवर थोडी गरम केली. वास आला आणि मला माझी आई आठवली. जवसाची चटणी कुटायची ती. पोरी, हा गंज नाही. हे जवसाचं तेल आहे.

जवसाचं तेल ताटात चांगलं, मशीनमध्ये नाही. ते हवेवर वाळतं आणि त्याची कातडी होते. सुतार ते दाराच्या फळ्यांना लावतात ते यासाठीच. एकदा लावलं तर थर बसतो, दरवर्षी लावलं तर थरावर थर. म्हणजे बारा वर्षं कोणीतरी तेलाच्या भोकातून नेमानं जवसाचं तेल घातलं आहे. तुझ्या घरात हे कोण करेल ते मला सांगायची गरज नाही. दसऱ्याच्या पूजेला करत असतील. त्यांच्या कानावर हे घालू नकोस. ज्या बाईनं नवऱ्याची मशीन म्हणून हे केलं तिला "तुम्हीच बंद पाडली" असं कोणत्या तोंडानं सांगायचं? गंज होता म्हण. मी तसं लिहिलंच आहे.

आता काम. मातीच्या तेलानं हे सुटत नाही, म्हणून तुझे बारा दिवस गेले. ती चूक माझी. रंगाच्या दुकानातून जुना रंग काढायचं औषध आण, रिमूव्हर म्हण. हातमोजे घाल, शेडचं दार उघडं ठेव, आसपास आग नको. पिचकारीनं भोकातून सोड, तासाभरानं पुस, पुन्हा सोड. दुसऱ्या दिवशी धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात कापड बुडवून मशीनच्या डोक्याला बाहेरून गुंडाळ. एकाच दिवशी दोन्ही करू नकोस. मग खालून लाकडाचा ठोकळा लावून हळू ठोक. सुटली की लगेच कोरडी करून मशीनचं तेल लाव, नाही तर रात्रीत गंजेल.

स्प्रिंगचं झाकण एका हातानं पक्कं दाबून धर, नट पाव फेराच सोड, झाकण हातात ठेवूनच एकेक खाच मागे जाऊ दे. गजेंद्रला जवळ उभा कर.

आणि रागाचं. राग नव्हता. लाज होती. लिलावातून आणलेली लेथ मी सोळा वर्षांपूर्वी भंगारात घातली. नत्थू भेटला असता तर पहिला प्रश्न लेथचा असता. म्हणून मी त्याच्यासमोर गेलो नाही, आणि मग जायचं राहूनच गेलं. तुला पहिल्याच पत्रात भंगारवाला बोलाव म्हटलं ते मशीनकडे पाहून नाही म्हटलं. माझी गेली तर त्याची का राहावी, असं कुठेतरी असेल. हे वाचून फाड.

देवीदास

अकोला
१४ सप्टेंबर २०२५

देवीदासभाऊ यायले मैनाबाईचा नमस्कार.

पाकीट सीमाच्या नावाचं होतं. ते बाजारात गेली होती. पन अक्षर तुमचं पाह्यलं, वीस वरसानं, म्हून मी फोडलं. चौथी शिकली मी, तुमचं अक्षर वाचता येते. फाडा म्हणलं तुमी, मी नाई फाडलं.

मले लपवून काय ठेवता भाऊ. मी काही काचेची नाई.

हे दवाखान्यात होते तवा म्हणले, मैना, मशीनले तेल देत जाय. कोणतं ते यायनं सांगतलं नाई अन् मी इचारलं नाई. मले वाटलं, चांगल्यातलं चांगलं द्यावं. आमी भाजीले भुईमुगाच्या फल्लीचं तेल वापरलं अन् मशीनले जवसाचं. बार्शीटाकळीच्या घाण्यावरून काढून आणत होती. दर दसऱ्याले एक वाटी. अर्धी वाटी वरून भोकात, बाकीची कापडानं अंगाले. आंग पुसलं तसं पुसत होती. बारा वरसं मीच तिचा गळा आवळून राहिली होती हे मले तुमच्या कागदावरून समजलं. दोन दिवस मी शेडात गेली नाई. तिसऱ्या दिवशी सीमाले म्हणलं, मले बी हातमोजे दे. मी घातलं, मीच काढीन.

आता दुसरं आयका. तुमची लेथ गेली हे यायले मालूम होतं.

हे चांदूर बाजारले कामाले गेले होते. तिथं भंगारवाल्याच्या आवारात पाह्यली यायनं. वयखली. घरी आले तं जेवले नाईत. पिशवीतून एक हँडल काढलं, पितळी मुठीचं. तेवढंच सुटून आलं म्हणले. मी म्हणलं, अमरावतीले जा, देवीदासभाऊले इचारा काहून इकली. तं म्हणले, नाई. त्याच्यावर वेळ आली असन म्हून इकली. मी गेलो तं त्याले सांगा लागीन. त्याले सांगा लागू नाई म्हून मी जात नाई.

ते हँडल यायनं ड्रिलले लावलं. सीमाले तुमी काढ म्हणता ते तुमचंच हाय. तुमच्याच लेथवर तुमी ते मूठ बनवली होती, असं हे सांगत होते. इसरले का?

तुमी नाई आले म्हून हे कवाच वाईट बोलले नाईत. मी बोलली, ते खरं.

मैनाबाई

अकोला
२१ सप्टेंबर २०२५

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

काल दुपारी साडेतीनला नळी सुटली.

पत्र आधी आईंनी वाचलं हे तुम्हाला आता कळलंच असेल. मी बाजारातून आले तर त्या ओट्यावर बसलेल्या, पत्र मांडीवर. मला वाटलं रडत असतील. त्या म्हणाल्या, "तो रिमूव्हर कुठं भेटते?"

पाच दिवस आम्ही दोघी लागलो. औषधाने थर फुगून जेलीसारखा झाला, तो आईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी काढला. मी पुसायला गेले की माझा हात बाजूला करायच्या. मग सोड्याचं पाणी. स्प्रिंग काढताना गजेंद्र शेजारी उभे होते. माझ्यापेक्षा त्यांनाच घाम जास्त. खालून ठोकळा लावला, चौथ्या ठोक्याला काहीतरी कट्कन वाजलं. मी पितळी मुठीवर हात ठेवला आणि ती खाली आली.

आता मला तुम्हाला विचारायचं आहे ते हे. नळी बाहेर काढून पुसली तर ती नव्यासारखी आहे. चकचकीत. एक डाग नाही. खांबाचा वरचा भागही तसाच, जिथे आई तेलाचं कापड फिरवत होत्या तिथपर्यंत. टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे त्यांचा हात पोचत नव्हता, तिथे मात्र गंजाने खड्डे पडले आहेत. शेडचं पत्र्याचं छत गेली आठ वर्षं गळतं. मग हे असं कसं? मला जे वाटतं ते बरोबर आहे का? आईंना मी सांगू शकते, पण माझ्यावर त्या विश्वास ठेवणार नाहीत. म्हणतील, सून आहे, बरं वाटावं म्हणून बोलते.

आता कोणतं तेल, कुठे, किती, ते लिहा. बेअरिंगची खरखर अजून आहे. दसऱ्याला अकरा दिवस राहिले.

आपली,
सीमा

अमरावती
२५ सप्टेंबर २०२५

मैनावहिनी यांस नमस्कार. चि. सीमाला आशीर्वाद. हे पत्र दोघींनी सोबत वाचावं, फाडायचं काही नाही.

वहिनी, तुमचं पत्र मी चार वेळा नाही, मोजलं नाही इतक्या वेळा वाचलं. आधी मशीनचं सांगतो, कारण त्यात मला खोटं बोलता येत नाही. सीमाला जे वाटलं ते बरोबर आहे. गळक्या शेडमध्ये उघडं लोखंड दोन पावसाळे टिकत नाही. जवसाची कातडी बसली म्हणून आत पाणी गेलं नाही. मशीनचं तेल घातलं असतं तर ते वर्षभरात उडून-वाहून गेलं असतं, आणि वर्षातून एकदाच घालून भागलं नसतं. तुमच्या तेलानं मशीन जाम केली हे खरं. तुमच्या तेलानं मशीन वाचली हेही खरं. जाम झालेली सुटते, गंजलेली सुटत नाही. पन्नास वर्षं हे काम केलेला माणूस सांगतो आहे, तुमची सून नाही.

आता लेथचं. नत्थूला वाटलं माझ्यावर वेळ आली असेल. वेळ आली नव्हती वहिनी. डोळ्यात मोतीबिंदू होता, मी कोणाला सांगितला नव्हता. एका प्रेसचा शाफ्ट माझ्या हातून कमी मापाचा झाला, मालक चारचौघांत हसला, आणि त्याच दुपारी मी रागानं लेथ उचलून न्यायला लावली. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर गाडी निघून गेली होती. नत्थूनं मला जितकं चांगलं समजलं तितका मी नव्हतो. तो आला असता तर मी त्याला हे सांगितलं असतं का, कोण जाणे. आता तुम्हाला सांगितलं.

मूठ मी विसरलो होतो. सीमाच्या पत्रात वाचूनही ओळखली नाही. ती राहू द्या. तोल जातो तर जाऊ दे.

सीमा, आता तेल. नळीला मशीनचं पातळ तेल, दोन थेंब, कामाच्या दिवशी रोज. नळीच्या दात्यांवर ग्रीस बोटानं पुसट लाव. बेअरिंग धुऊन, सुकवून त्यात ग्रीस भर, पण तिसरा हिस्साच. ठासून भरलं तर तापतं. खरखर तरीही राहिली तर बेअरिंगवरचा नंबर लिहून घे आणि बाजारातून नवं आण. खांबाला तेलाचा हात फिरव. पट्टा नवा, आणि पट्ट्याला तेल कधीच नाही. मग सर्वात हळू वेगावर दहा मिनिटं रिकामी चालव आणि हाताची पाठ बेअरिंगजवळ लावून पाहा. कोमट लागली तर ठीक. चटका बसला तर बंद कर आणि माझी वाट पाहा.

कारण मी येतो आहे. विपुल दसऱ्याला सकाळी सातच्या एसटीत मला बसवून देतो, दहापर्यंत पोचेन. स्टँडवर गजेंद्रला पाठव. त्याला सांग, मला ऐकू येत नाही, ओरडू नको, हात दाखव. खुशालरावांनाही अकराला बोलावून ठेवा. खुर्च्या ठेवायच्या की नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

पट्टी आणि ड्रिल मी आणतो. भोक सीमा पाडेल, कारण जाणारी किंवा राहणारी शेड तिची आहे. चालेलच असं मी आधी लिहून देत नाही. माझं एकदा लिहिलेलं चुकलं आहे. पूजा वहिनींनी नेहमीसारखी करावी, जवसाची वाटीही ठेवावी. या वेळी ते तेल दिव्यात घाला. दिवा पेटला की सीमानं बटण दाबावं आणि पितळी मूठ खाली घ्यावी.

मला आवाज येणार नाही. मी मशीनच्या खांबाला हात लावून उभा राहीन.

आपला,
देवीदास